टिंब कुठे ठेवू?

माझा विषय अठराव्या शतकातली जकात. म्हणजे मोडी कागद, आणि त्यात कोकणातून घाटावर काय चढलं, घाटावरून खाली काय उतरलं, कुठल्या चौकीवर किती घेतलं याच्या नोंदी. मीठ वर, धान्य खाली, मध्ये लमाणांचे तांडे. नकाशाशी माझा संबंध दहावीच्या भूगोलात संपला होता, तोही मार्कांपुरता. त्यामुळे माझ्या प्रबंधाच्या गाइडबाईंनी जेव्हा सांगितलं की, "अगं, एका प्रकल्पात तुझं नाव दिलंय. भूगर्भशास्त्राचे एक सर आहेत, वनस्पतिशास्त्रातली एक मुलगी आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा जीआयएसवर, म्हणजे संगणकाच्या नकाशावर, बसवायच्या आहेत," तेव्हा मी आधी विचारलं, "बसवायच्या म्हणजे?"

पुढची पावणेदोन वर्षं त्यातच गेली.

पहिल्या बैठकीत सरांनी एक्सेलची रिकामी शीट पुढे केली. "तुझ्याकडच्या सगळ्या ठिकाणांची यादी दे. नाव, अक्षांश, रेखांश. बास." त्यांच्या दृष्टीनं तासाभराचं काम होतं. मी घरी येऊन बसले आणि तिसऱ्याच ओळीवर अडकले. नोंद होती घाटाखालच्या चौकीची. कुठला घाट, हे संदर्भावरून कळत होतं. पण घाटाखाली म्हणजे नेमकं कुठे? पायथ्याच्या गावात, ओढ्याच्या काठी, की जिथे चढ सुरू होतो तिथे? पुढची नोंद मौजे पिंपळगावची. महाराष्ट्रात पिंपळगावं आणि वडगावं किती आहेत, हे पत्ता शोधत फिरलेल्या कुणालाही विचारा. त्यापुढच्या नोंदीत फक्त कोसांत अंतर. कोस म्हणजे साधारण दोन मैल असं आपण शिकतो, पण चढणीचा कोस आणि सपाटीचा कोस सारखा असतो का, हे कागद लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नसतं.

आम्ही इतिहासवाले अशा वेळी काय करतो? 'जुन्नरच्या पश्चिमेस आसपास' असं लिहितो, तळटीप देतो आणि पुढे जातो. 'आसपास' हा फार कामाचा शब्द आहे. नकाशात मात्र आसपास नावाचं गाव नसतं. तिथे टिंब ठेवावं लागतं, आणि एकदा ठेवलं की ते शिवनेरीच्या टिंबाइतकंच ठाम दिसतं. मी दहा दिवसांनी अर्धी भरलेली शीट घेऊन गेले. सर म्हणाले, "रिकामे कप्पे चालत नाहीत." मी म्हटलं, "खोटे भरलेले चालतात का?" आमची ओळख अशी झाली.

शिकायचं ठरलं क्यूजीआयएसवर. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून जगभरचे लोक मिळून ते वाढवत आलेत, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते चालतं, एवढी तीन कारणं पुरेशी होती. तत्त्व सोपं आहे. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर: एक उंचीचा, एक नद्यांचा, एक गावांचा, एक वाटांचा. मग थरांना एकमेकांबद्दल प्रश्न विचारायचे. सोपं एवढंच, पुढचं नाही.

उंचीचा थर आम्ही एसआरटीएमचा घेतला. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, त्यातून निघालेली ही माहिती. साधारण ३० मीटरचा एक चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची. मी ती उतरवून घेतली, 'उतार काढ' असं बटण दाबलं आणि पडद्यावर सगळीकडे ८९ अंश. जुन्नर ८९ अंश, मुरबाड ८९ अंश, कुकडीचं पात्र ८९ अंश. सगळा मुलूख भिंतीसारखा उभा. मी दोन दिवस घाबरून कुणाला सांगितलं नाही. शेवटी वनस्पतिशास्त्रवाल्या मैत्रिणीनं पाहिलं आणि ती हसत सुटली. माझी उंची होती मीटरमध्ये आणि आडवं अंतर होतं अंशांमध्ये. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, पण यंत्राला तो नुसता 'एक' दिसतो. एका एककात शंभर मीटर चढ! म्हणून थर आधी यूटीएमच्या, म्हणजे जगाचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या, ४३ उत्तर पट्ट्यात आणायचा असतो, तिथे आडवं अंतरही मीटरमध्ये येतं. (विदर्भात काम करणाऱ्यांनी जपावं. ७८ रेखांशाच्या पलीकडे पट्टा बदलतो, नागपूर ४४ मध्ये आहे.) हे कळल्यावर सह्याद्री पुन्हा सह्याद्रीसारखा दिसू लागला.

दुसरी फजिती मराठीची. मी हौसेनं रकान्यांची नावं देवनागरीत दिली होती: 'वाटेचे नाव', 'पाण्याचे ठिकाण', 'खात्री'. फाइल जतन करून उघडली तर रकाने झाले होते 'वाट', 'पाण' आणि 'खात'. शेपफाइल नावाचा जो जुना प्रकार सगळीकडे वापरतात, त्यात रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं, आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम तीन चिन्हं. नकाशाची अक्षरशः वाट लागली, असा विनोद प्रयोगशाळेत महिनाभर चालला. जिओपॅकेज नावाच्या दुसऱ्या प्रकारात जतन केलं की ही अडचण नसते. पण हे सांगणारं कुणी भेटेपर्यंत मी सगळे रकाने रोमन लिपीत पुन्हा टंकून काढले होते.

आणि तिसरी टोपोशीटची, म्हणजे डोंगर, ओढे, वाटा दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची. हिला फजिती म्हणणार नाही, कारण तिनं मला पहिल्यांदा या कामाची गोडी लावली. हे नकाशे काढणारी सर्वे ऑफ इंडिया ही १७६७ पासूनची संस्था. तिच्या जुन्या शीटवर ४७ ई/११ मध्ये नाणेघाटाचा भाग येतो, जुन्नर गाव ४७ ई/१६ मध्ये. आम्ही शीट स्कॅन केली, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन बसवली, वर उपग्रहाचं चित्र टाकलं, तर ओढा टेकडीच्या अंगावरून वाहत होता. सगळंच शंभर मीटरहून थोडं जास्त सरकलेलं. मला वाटलं, माझं पुन्हा काहीतरी चुकलं. सर म्हणाले, "नाही, यावेळी पृथ्वीच वेगळी आहे." जुन्या शीट ज्या पृथ्वीवर आखल्या ती जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणीदाराची पृथ्वी, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचा त्याचा हिशेब, १८३० साली भारतातल्या मोजणीवरून काढलेला. आजचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या दुसऱ्याच लंबगोलावर चालतं, त्याची विषुववृत्ताकडची त्रिज्या आठशेहून अधिक मीटरनं मोठी आहे. मी आयुष्यभर कागदांची चिकित्सा शिकले. हा कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी. अक्षांश-रेखांशालाही तेच प्रश्न विचारायचे असतात, हे मला त्या सरकलेल्या ओढ्यानं शिकवलं. त्या दिवसापासून सर माझ्या मोडी कागदांत जरा जास्त रस घेऊ लागले, असं मला वाटतं. किंवा मी त्यांच्या कामात.

मग मुख्य काम. यंत्राला सांगायचं की, कोकणातल्या या टिंबापासून जुन्नरपर्यंत सगळ्यात कमी कष्टाची वाट काढ. कष्ट मोजायला एक प्रसिद्ध सूत्र आहे, वाल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञानं १९९३ साली मांडलेलं. सपाटीवर माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो, अगदी हलक्या उतारावर सहा, आणि चढ किंवा उतार वाढला की वेग झपाट्यानं पडतो. आम्ही गणित लावलं, पंख्याचा आवाज करत लॅपटॉप तासभर तापला आणि वाट निघाली. ती नाणेघाटातून गेलीच नाही. वळसा घालून माळशेजकडून वर चढली.

मी चक्रावले. नाणेघाटाच्या तोंडाशी लेणं आहे, त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेत, आणि भारतातल्या आकड्यांच्या जुन्यात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. माथ्यावर दगडी रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. जवळ जीवधन, पुढे चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले पहाऱ्याला. दोन हजार वर्षं माणसं जिथून गेली, ती वाट यंत्राला दिसू नये?

उत्तर मिळालं ते तिथे गेल्यावर. डिसेंबरात आम्ही तिघं कल्याणहून एसटीनं निघून माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गावाच्या पुढे उतरलो आणि चढायला लागलो. सह्याद्री चढणाऱ्यांची भाषा मला तिथे कळली: सोंड, धार, पदर, नाळ. लाव्ह्याचे थर आडवे पसरलेले, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा. अर्ध्यावर सपाट पट्टी लागते तो पदर. सर म्हणाले, याला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात, तोही शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरूनच आलाय. लेणं, पाण्याची टाकी, आणि मग शेवटची नाळ. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून दगड रचलेली चिंचोळी वाट. मी हात पसरून अंदाज घेतला. यंत्राचा एक चौकोन ३० मीटरचा, आणि ही फट त्याच्या कितीतरी पट लहान. तिची उंची बाजूच्या कड्यांच्या उंचीत मिसळून सरासरी झाली होती. शेजारचा नानाचा अंगठा नावाचा कडा आणि ही नाळ, दोन्ही यंत्राच्या लेखी एकच उभा उतार.

परत आल्यावर भांडण झालं. मी म्हटलं, जीपीएसवर आखलेली नाळ उंचीच्या थरात कोरून टाकू, मग यंत्राला वाट दिसेल. सर म्हणाले, "ही कॉपी झाली. उत्तर माहीत आहे म्हणून गणितात घालायचं आणि मग गणितानं तेच उत्तर दिलं म्हणून टाळ्या वाजवायच्या?" मी म्हटलं, लेणं हा पुरावाच आहे, तो का टाकायचा? मैत्रिणीनं तोडगा काढला: दोन्ही गणितं ठेवायची. नाळ न कोरता काय निघतं आणि कोरल्यावर काय निघतं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या वाटेसाठी माणसांनी केलेलं काम, दगड फोडणं, पायऱ्या रचणं, टाकी खोदणं. हे वाक्य पुढे आमच्या लेखात तसंच्या तसं गेलं. तिला श्रेय द्यायचं राहिलं होतं, म्हणून इथे देते.

तिच्याशी माझंही बिनसलं होतंच. तिनं सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून झाडीचा थर केला होता, १० मीटरचा, देखणा. दाट रानातून चालायला जास्त कष्ट, म्हणून तो गणितात घालायचा होता. मी विचारलं, आजचं रान अठराव्या शतकात तिथे होतं कशावरून? कोळसा, शेती, जहाजाचं लाकूड, वनखातं, एवढं सगळं मध्ये होऊन गेलं. ती चिडली, पण थर काढून टाकला. मात्र तिनं दुसरी एक गोष्ट शोधली, आणि ती कुठल्याही उपग्रहाला दिसली नसती.

घाटमाथ्यावरच्या एका वाडीत आम्ही एका आजोबांकडे बसलो होतो. त्यांचे वाडवडील हिरडा आणि भात घेऊन खाली उतरायचे. मी विचारलं, "बाबा, खालच्या गावापर्यंत अंतर किती?" ते म्हणाले, "तीन विसावे." मला वाटलं, प्रश्न नीट कळला नाही. "तसं नव्हं, किलोमीटर किती?" "ते तुमचं तुम्ही मोजा. डोक्यावर वझं असलं की तीन विसावे. मोकळा माणूस असंल तर एकात जातो." मग जरा थांबून, "आन् बैल असंल तर आधी पाणी कुठंय ते विचार, बाई. अंतर मागनं विचार."

टोबलरच्या सूत्रातला माणूस एकटा, मोकळ्या हातांनी चालतो. माझ्या कागदांतला एकही जीव मोकळ्या हातांनी चालत नव्हता, नाहीतर त्याच्याकडून जकात कशाची घेतली असती? हे मला आधी सुचायला हवं होतं. तीन-तीन वर्षं गोण्यांचे हिशेब वाचून बैलाला तहान लागते हे लक्षात येऊ नये!

आम्ही आजोबांच्या नातवाबरोबर ते तीन विसावे चालून पाहिले. मैत्रिणीनं दाखवलं की दोन ठिकाणी सावलीची मोठी, जुनी झाडं आहेत आणि आजूबाजूला तसलं तिसरं नाही. म्हणजे लावलेली किंवा निदान राखलेली. यंत्राच्या हिशेबानं पहिल्या दोन विसाव्यांपर्यंतच्या टप्प्यांना लागणारा वेळ जवळजवळ सारखा निघाला. तिसरा फारच जवळ पडत होता. मी म्हटलं, आजोबांची आठवण चुकली असेल. सर खाली वाकून कातळ बघत बसले होते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखी एक पट्टी होती. पाणी वरच्या थरातल्या भेगांतून झिरपत येतं आणि पुष्कळदा अशा पट्टीशी अडून बाहेर पडतं. तिथे ओल होती, डिसेंबरातही. विसावा तिथे होता, कारण पाणी तिथे होतं. पाय किती दमले याचा प्रश्नच नव्हता.

मग आम्ही पाण्याचा थर केला: टाकी, झरे, आणि जिथे ती तांबडी पट्टी बाहेर येते त्या जागा. ओझ्याच्या बैलाला दर टप्प्याला पाणी हवं अशी अट घातली. गणित मोडकंतोडकं होतं, त्या अटीचे आकडे आम्ही तिघांनी वाद घालून ठरवले, आणि लेखात तसं कबूलही केलं. पण एक गंमत झाली. माथ्यावरून जुन्नरकडे जाताना यंत्रानं वाट थेट माणिकडोह धरणाच्या पाण्यावरून काढली. कारण उंचीच्या थरात जलाशय म्हणजे गुळगुळीत सपाटी, चालायला सर्वांत सोपी. आम्ही हसलो आणि जलाशयाला 'बंद' अशी खूण करायला निघालो. खूण करण्याआधी मी धरणापूर्वीची एक इंची (मैलाला एक इंच या मापाची) शीट वर ठेवून पाहिली. कुकडीच्या काठानं, आज पाण्याखाली असलेल्या भागातून, वाटेची तुटक रेघ जात होती. यंत्र चुकीच्या कारणानं बरोबर होतं. मी तो थर बंद केला नाही.

माझ्या त्या अर्ध्या रिकाम्या शीटचं पुढे असं झालं. आम्ही 'खात्री' नावाचा रकाना ठेवला, एक ते चार. एक म्हणजे जागेवर जाऊन पाहिलं. दोन म्हणजे कागद आणि नकाशा दोन्ही एकच सांगतात. तीन म्हणजे दोन-तीन जागांपैकी एक. चार म्हणजे 'आसपास'. एक आणि दोनला टिंब, तीनला पोकळ वर्तुळं, चारला मोठा फिकट डाग. नकाशा छापून आला तेव्हा डागच जास्त होते. एका परीक्षकांनी लिहिलं की नकाशा अस्वच्छ दिसतो. सरांनी, ज्यांना रिकामे कप्पे चालत नव्हते त्यांनी, उत्तर लिहिलं की तो तसाच आहे. मौजे पिंपळगावाची नोंद अजून चारमध्येच आहे.

नकाशाची एक मोठी प्रत आम्ही आजोबांना द्यायला गेलो. त्यांनी जमिनीवर पसरली, जरा वेळ पाहिली आणि उचलून पाव वळसा फिरवली. पश्चिम त्यांच्याकडे, पूर्व समोर, उत्तरेचा बाण डावीकडे. मी म्हटलं, "बाबा, वर उत्तर असते." ते म्हणाले, "असू दे की. कोकण खाली आन् देश वर नको का?" आपण सगळे 'खाली कोकणात' आणि 'वर देशावर' म्हणतच असतो, मीही म्हणते.

पुढच्या खेपेला क्यूजीआयएसमध्ये नकाशा नव्वद अंश फिरवून, अक्षरं सरळ करून, त्यांच्यासाठी वेगळी प्रत छापली. ती त्यांच्या ओटीवर दिनदर्शिकेच्या शेजारी लावलेली आहे. प्रबंधात उत्तर वरच ठेवावी लागली.